पाच पदव्यांचा फ्लेक्स

मार्चमधला दुसरा रविवार. काम: सासूबाईंना शोभेल असा एक शब्द शोधणे.

बडा गणपतीच्या देवळामागे आमची गल्ली आहे आणि तिच्या तोंडाशी एक कडुनिंब. मागे रस्ता रुंद करताना तो तोडायचं ठरलं, तेव्हा सासूबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्याच्या बुंध्याशी जाऊन बसल्या. भाषण नाही, घोषणा नाही. मटार सोलत बसल्या. कंत्राटदाराची माणसं रोज येत, "माँजी, उठो ना" म्हणत आणि थोडे मटार सोलून परत जात. (आमच्या फ्रीजमध्ये त्या दिवसांत दुसरं काही मावत नव्हतं.) शेवटी रस्ताच झाडाला वळसा घालून गेला.

महिला मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. मंडळाची चिटणीस मी, म्हणून फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी काय लिहायचं हेही माझ्याच गळ्यात. 'वृक्षरक्षिका' मला आवडलं होतं, पण शेजारच्या मालूताई म्हणाल्या, बागेत नोकरीला असल्यासारखं वाटतं. त्यांचं म्हणणं 'पाठीराखी'. आमच्या ह्यांनी 'कैवारी' सुचवलं. मुलीने 'रणरागिणी', अर्थ तिला ठाऊक नव्हता, पण "साउंड मस्त है ना, मम्मी." मला 'आधारवड' सुचला. (झाड कडुनिंबाचं, पदवी वडाची. असो.) सासूबाईंच्या पदव्यांतली एक गाळायची सुनेची हिंमत होईना. मी पाचही छापल्या!

सत्काराच्या दिवशी कडुनिंबाशेजारी मांडव घातला. फ्लेक्स आला तो गल्लीपेक्षा लांब. तंबूवाला गुड्डू भिया शिडीवरून म्हणाला, "दीदी, डाली बीच में आ री है. छोटी-सी है, उड़ा दूँ?"

पोह्यांवर शेव पुरेल का, या चिंतेत मी होते. वर न बघता म्हटलं, "उडवा, उडवा."

छोटी-सी म्हणजे मांडीएवढी जाड! करवत सुरू झाली आणि आमच्या जिन्यावरून सासूबाई उतरल्या. अंगावर सत्काराची माहेश्वरी साडी, केसांत गजरा आणि हातात तीच खुर्ची. त्या थेट फांदीखाली जाऊन बसल्या. गुड्डू भियाची करवत जागच्या जागी थांबली. स्वतःच्याच सत्काराविरुद्ध धरणं धरणारी बाई मी तरी प्रथमच पाहिली.

"आई, पाहुणे आलेत," मी हळूच म्हटलं.

"दिसतायत. त्यांना पोहे दे. मला मटार आणून दे."

"अहो, पण फांदी राहिली तर तुमचं नाव कसं दिसणार?"

"या गल्लीत मला ओळखत कोण नाही?"

तेवढ्यात मालूताईंनी आपली खुर्ची उचलली आणि सासूबाईंच्या शेजारी नेऊन मांडली. मग आणखी दोघी गेल्या. बघता बघता अख्खं मंडळ झाडाखाली, आणि मांडवात मी, गुड्डू भिया आणि प्रमुख पाहुणे. थोड्या वेळाने प्रमुख पाहुणेही मटार सोलताना दिसले.

अखेर गुड्डू भियाने करवत ठेवून कात्री काढली. "माँजी, फ्लेक्स छोटा कर देते हैं. कौन-सा रखूँ?"

सासूबाईंनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. मग आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं.

"'पाठीराखी' ठेव," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं माझं नाव काप. या सगळ्याच बसल्यात."

फांदीखाली तो एकच शब्द लागला, बिननावाचा. त्याच्या खाली माझ्याइतकी मुकाट्याने मटार सोलणारी दुसरी कुणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या चार पदव्या गच्चीवर अंथरल्या आणि त्यांवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. 'रणरागिणी' चांगली लांबरुंद, तिच्यावर सगळ्यात जास्त मावल्या. कालच्या त्या फांदीवरून कावळे उतरू लागले, तशी मी काठी घेऊन राखणीला बसले.

खालून सासूबाईंचा आवाज आला, "सुनंदा, काठी ठेव. त्यांचंही झाड आहे ते."

मी काठी ठेवली आणि चहा घ्यायला खाली गेले. परत येऊन पाहते तर 'रणरागिणी' पुन्हा स्वच्छ वाचता येत होती.