उंट खाली उतरला

साइटवर तिला सगळे उंट म्हणत आणि ती हे नाव पदकासारखं मिरवायची. टॉवर क्रेनची केबिन साठ मीटर उंच, शिडीच्या पायऱ्या दोनशे. सकाळी सातला चढलेली बाई थेट एकला, जेवायच्या सुट्टीत उतरायची. त्यासाठी पहाटेपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि लागलीच तर कळ काढायची, एवढीच तिची साधना. आधीचे ऑपरेटर पुरुष. ते रिकामी बाटली घेऊन चढत आणि भरलेली घेऊन उतरत. बाईला ती सोय देवाने दिली नाही, आणि फोरमनने देवाहूनही कमी दिली. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तासातासाला खालीवर करणार असाल तर खालीच पाट्या उचला." ती खुर्ची मिळवायला तिला चार वर्षं लागली होती.

मग लघवीला जळजळ सुरू झाली. घरी आल्यावर दर पाच मिनिटांनी बाथरूम गाठायचं आणि चार थेंबांवर समाधान मानून परतायचं. सासूबाईंच्या डब्यात कुठल्याशा जुन्या आजारपणातल्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्या होत्या. दोन दिवसांत तिने त्या संपवल्या, जळजळ थांबली आणि स्वतःच्या डॉक्टरकीवर खूश होऊन बाई पुन्हा वर.

आठवड्याने केबिनमध्येच तिला हुडहुडी भरली. भर उन्हात दात वाजू लागले. उजव्या बरगडीखाली, पाठीकडून, कोणी पहारीने उकरावं तसं दुखत होतं. हुकाला सळ्यांचा भारा लटकलेला, खाली माणसं, आणि हात थरथरतायत. तेव्हा ती मनापासून घाबरली. भारा कसाबसा टेकवला आणि मगच हेल्मेटमध्ये ओकली. दोघांनी कमरेला दोर बांधून तिला उतरवलं.

"किडनीला इन्फेक्शन झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू खालून मूत्राशयात शिरले आणि तिथून वर चढले. पाणी किती पिता?"

"पीतच नाही," उंट अभिमानाने म्हणाला.

"छान! म्हणजे त्यांना धुऊन काढायलाही कोणी नव्हतं."

लघवीची तपासणी झाली, तीन दिवस शिरेतून औषध, घरी आणखी दहा दिवस गोळ्या. "बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायच्या. आणि दोन-तीन तासांनी लघवीला जायचंच. पुन्हापुन्हा झालं तर किडनी कायमची अधू होईल."

"अहो, पण खुर्ची जाईल माझी. आणि किडन्या दोन असतात ना?"

"म्हणून एक उधळायची?"

तीन आठवड्यांनी ती दोन लिटरची बाटली घेऊन चढली. साडेनऊला हुक रिकामा करून तिने वायरलेस उचलला. तो सगळ्या साइटला ऐकू जायचा.

"क्रेन पंधरा मिनिटं बंद."

"काय बिघडलं?" फोरमन ओरडला.

"काही नाही. मुतायला उतरतेय. बाराला परत उतरेन."

"मग पाट्या उचलायच्यात का तुम्हाला?"

"उचलते की. वर कोण चढतंय तेवढं सांगा."

तीन आठवडे वर चढायला कोणी मिळालं नव्हतं. ती उतरू लागली. क्रेन थांबली की माल थांबतो, माल थांबला की खाली पाट्या उचलणाऱ्या बायकांचे हात रिकामे. ती खाली पोचेपर्यंत बाथरूमसमोर सात जणी उभ्या होत्या.

"तू जा आधी," पहिली बाजूला होत म्हणाली. "आम्हाला सवय आहे कळ काढायची."

उंटाने तिला दंडाला धरून आत ढकललं आणि स्वतः जाऊन रांगेत शेवटी उभा राहिला.