मेले हत्ती!

मंडळी, आज यशवंतपूरला बसच्या दारात कंडक्टर ओरडला, "अज्जी, मेले हत्ती!" मला हसूच आवरेना.

साल चौसष्ट. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले होते, कन्नडचा गंधही नव्हता. आम्ही दोघं कावेरीच्या काठाकाठाने डोंगरातल्या वनखात्याच्या झोपडीकडे निघालो होतो. हे पुढे गेले, मी खडकावर पाय बुडवून बसले. वरून झोपडीचा राखणदार ओरडू लागला, "मेले हत्ती! मेले हत्ती!" अरेरे म्हणत मी नदीत मेलेले हत्ती शोधायला लागले!

शेवटी तोच धावत आला आणि मला ओढत वर घेऊन गेला. वळून पाहिलं, तर नदी फुगलेली आणि माझा खडक पाण्याखाली. 'मेले हत्ती' म्हणजे 'वर चढा', हे झोपडीत कॉफी पिताना कळलं.

परमुलखात तुम्ही पहिला शब्द कुठला शिकलात? मी हा. आज पहिल्याच हाकेला चढले.