अंधेरीपर्यंत आलेला पाहुणा

तो मुलगा आला होता. आईला मी सांगितलं की तो आलाच नाही, त्याच्या आईनं पाठवलाच नाही. पण तो आला होता. चार महिने अंधेरीच्या हॉस्टेलवर राहिला. चारकोपचं आमचं घर तिथून बसनं तासाभरावर, तरी त्याचा पाय आमच्या उंबऱ्याला लागला नाही, कारण मी लागू दिला नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता लिहितोय तेसुद्धा आई दुपारची आडवी झालीय म्हणून.

पंचवीसेक वर्षं झाली. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. आमच्या विभागाचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार होता. इथला एक विद्यार्थी एक सत्र तिकडे जाणार, पुढच्या सत्रात तिथला एक इकडे येणार, आणि दोघांनी राहायचं एकमेकांच्या घरी. अर्जात प्रश्न होता : पाहुण्या विद्यार्थ्याला स्वतंत्र खोली देता येईल का? आमचं घर म्हणजे सेक्टरमधली एक बैठी खोली, वर पोटमाळा, मागं मोरी आणि संडास. मी लिहिलं, देता येईल. पोटमाळ्याला खोली म्हणायला काय हरकत आहे, अशी मी माझी समजूत घातली. अर्ज भरताना माणूस फार पुढचं बघत नाही.

निवड झाली तेव्हा मी जाणार यापेक्षा तो येणार याचंच आईला जास्त अप्रूप. वडील गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लोखंडी दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात लागले होते. त्यांना वेगळीच काळजी.

"तो बसतलो कसो?" ते म्हणाले.

"खंय?" आईनं विचारलं.

"संडासात गो. तेंका उकिडव्या बसूक जमणा नाय."

"तुमका बरा म्हायत."

"गिरणीत साहेब होतो ना एक. तेचा वेगळा होता."

मी हसलो आणि विसरून गेलो.

तिकडे मला घ्यायला आलेली बाई साधी होती. एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला. नवरा नाही. घरात ती, तिचा मुलगा आणि म्हातारं कुत्रं. मुलगा माझ्याच वयाचा, माझ्याच विषयाचा. पुढच्या सत्रात मुंबईला यायचा तो हाच. मला फुलाफुलांच्या पडद्यांची एक छान खोली दिली. महिनाभरानं एकदा मी पहाटे पाणी प्यायला उठलो तर बाई बाहेरच्या सोफ्यावर पांघरुणाची घडी घालत होती. मी झोपत होतो ती खोली तिची होती. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "ती सांगते सोफा पाठीला बरा असतो. माझ्यावर विश्वास ठेव, तो सोफा कुणाच्याच पाठीला बरा नाही."

म्हणजे झोपायच्या दोनच खोल्या होत्या त्यांच्याकडे. हे मी मुद्दाम लिहितोय. त्यांचा बंगला आणि आमची खोली, असं काही नव्हतं. मला ते डोळ्यांनी दिसलं होतं, आणि तरीही पुढचं सगळं मी केलं.

आईनं बरोबर कुळथाचं पीठ दिलं होतं, स्टीलच्या मोठ्या डब्यात. मी पिठी करून घातली तर बाईनं दोनदा वाढून घेतली. मग थंडीत दर शनिवारी पिठी-भात. डब्याच्या झाकणावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं, भांडीवाल्याकडे मशीननं टिंबाटिंबांनी कोरून देतात तसं. तिनं त्यावर बोट फिरवून विचारलं, हे काय लिहिलंय?

"वडिलांचं नाव."

"डब्यावर? कशाला?"

मी सांगितलं की आमच्याकडे भांडी या घरातून त्या घरात जात असतात. नाव असलं की आपापल्या घरी परत येतात. आणि परत देताना रिकामं द्यायचं नसतं, काहीतरी घालून द्यायचं. घरात काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर.

तिला ते फार आवडलं. निघायच्या आठवड्यात मी डबा बॅगेत भरायला गेलो तर तिनं काढून घेतला. "हा मी परत करणार. माझा मुलगा घेऊन जाईल. हा तुझ्या आईचा आणि माझा व्यवहार आहे, तू मध्ये पडू नकोस."

आता माझं तिथलं वागणं सांगतो. विभागातली पोरं घराबद्दल विचारायची. मी एकदा कागदावर नकाशाच काढून दाखवला : हॉल, दोन बेडरूम, बाल्कनी. वडील दरवाजांच्या कंपनीत इंजिनीअर. कुणी मागितलं नव्हतं इतकं. एक सांगितलं की त्याला टेकू म्हणून दुसरं, असं ते वाढत गेलं. तो मुलगाही शेजारी बसून ऐकायचा. एकदा म्हणाला, "म्हणजे मला बाल्कनी मिळणार." मी म्हटलं, हो.

परत आलो. आईनं आधी डब्याची चौकशी केली, मग माझी. डबा त्या मुलाबरोबर येणार म्हटल्यावर ती खूश झाली. "शहाणी बाई आसा," म्हणाली. मग वडील मला हाताला धरून मागं घेऊन गेले.

संडासात कमोड बसवला होता. बोरिवलीच्या एका बिल्डिंगमध्ये बाथरूमं फोडत होते, तिथला जुना त्यांनी टेंपोतून आणला होता. जागा इतकी अरुंद की त्यावर बसलं की गुडघे दाराला लागायचे. म्हणून स्वतः बिजागऱ्या फिरवून त्यांनी दार बाहेर उघडेल असं करून घेतलं होतं. "बस, बसान बघ," म्हणाले. बसलो. गुडघे दाराच्या चौकटीबाहेर येत होते. "तो उंच आसा काय तुझ्यापेक्षा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बराच. ते विचारात पडले, पट्टी आणायला गेले.

तिकडे आईनं पोटमाळ्यावर मच्छरदाणी टांगली होती आणि पंधरा दिवस कमी तिखटाचं जेवण करून बघत होती. वडील वैतागले होते. "तो येवच्या आधी माका कित्याक आजाऱ्याचा जेवण?" आई म्हणायची, "हात बसाक व्हयो ना." आळीतल्या बायकांनाही तिनं सांगून ठेवलं होतं की पोरगा दिसला तर बघत उभं राहू नका, त्याला ओशाळल्यासारखं होईल.

मी त्या कमोडवर बसल्या बसल्याच ठरवलं. वडील त्याला असंच हाताला धरून आणणार, अभिमानानं दाखवणार, आणि तो मुलगा माझा नकाशा आठवून माझ्याकडे बघणार. गरिबीची लाज नव्हती, खोटं पकडलं जाण्याची भीती होती, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता वाटतं, ती भीती आली कुठून? नकाशा काढला तेव्हाच लाज होती. वडिलांचीच होती.

दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन सांगितलं की आईला कावीळ झालीय, पाहुणा घरी ठेवता येणार नाही. त्यांनी त्याची सोय अंधेरीच्या हॉस्टेलवर केली. घरी येऊन सांगितलं की त्याचं रद्द झालं. आईनं कारण विचारलं. मी काहीही सांगू शकलो असतो. तो पडला, परीक्षा आली, पैसे नाहीत. पण तोंडातून आलं ते असं : "त्याची आई नको म्हणाली. इकडचं पाणी, जेवण बाधेल म्हणाली."

आईनं एकदा पोटमाळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आवशीचो जीव. म्हणतलीच." थोड्या वेळानं पुन्हा, "पण चार महिने तिना तुका जेवूक घातल्यान. आता ता फिटायचा कसा?"

तो आला त्याच दिवशी मी हॉस्टेलवर गेलो. त्यानं बॅग उघडून आधी डबा काढला. जड होता. अक्रोडाची बिस्किटं, वर एक चिठ्ठी. "आईनं सांगितलंय तुझ्या आईच्याच हातात द्यायचा. कधी जायचं?"

"आई आजारी आहे. कावीळ. लागण होते."

"मी लांब उभा राहीन."

"नको. डॉक्टरनं सांगितलंय."

डबा माझ्या हातात देताना त्यानं क्षणभर सोडला नाही. मग दिला.

दर आठवड्याला तो विचारायचा, आई कशी आहे. हॉस्टेलच्या पोरांनी त्याला सांगितलं की काविळीला उसाचा रस चांगला. तर एका शनिवारी प्लास्टिकच्या पिशवीत रस बांधून, गाठ धरून, उन्हातून चालत विभागात आला. "बर्फ नको म्हणून सांगितलं मी," म्हणाला. मी बस स्टॉपवर बसून तो रस प्यायलो. फेकवला नाही. बिस्किटंही मीच खाल्ली, प्रयोगशाळेत, चार-पाच दिवसांत. चिठ्ठी वाचली. कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेली होती : माझा मुलगा सकाळी लवकर उठत नाही, त्याला उठवत जा, भात जास्त खातो, पुरला नाही तर त्याला सांगायला संकोचू नकोस, तुझा मुलगा चांगला आहे. डबा आणि चिठ्ठी विभागातल्या कपाटात ठेवली आणि एम.एस्सी. संपल्यावर तिथंच सोडून आलो. डबा घरी नेता येत नव्हता, झाकणावर नाव होतं.

इकडे आळीत बायका आईला चिडवत. "काय गो, गोरो पाहुणो खंय रवलो? विमानातून पडलो काय?" आई सांगायची, त्याची परीक्षा पुढं ढकललीय, पुढच्या वर्षी येईल. कधी खोटं न बोललेली बाई. त्या दुसऱ्या आईचं नाव खराब होऊ नये म्हणून ती बोलत होती. मी मोरीत हात धूत ऐकत होतो.

तो जायच्या आदल्या दिवशी आम्ही हॉस्टेलबाहेर चहा प्यायलो. त्यानं सरळ विचारलं, "आमच्या घरी तुला काही कमी पडलं का?"

"नाही रे. असं का विचारतोस?"

"काही नाही. आई विचारेल, तेव्हा काय सांगू ते मला कळत नाहीये."

मी म्हटलं, सांग की आईला बरं वाटलं, आणि बिस्किटं आवडली. त्यानं मान हलवली. तो घरी जाऊन तेच बोलला असणार, कारण पुढं तिचं एक पत्र आलं, तब्येतीची चौकशी करणारं, विभागाच्या पत्त्यावर. आईच्या नावानं मी उत्तर लिहिलं. आईची सहीसुद्धा मीच केली. त्यानंतर आणखी एक पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी शेवटी गुडघ्यांनी त्रास दिला तेव्हा म्हणायचे, बरं झालं तेव्हा कमोड बसवला. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आई आता माझ्याकडे असते, बोरिवलीत. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या कॉलेजचा तसाच अर्ज आला. सहा महिने तिकडे, मग तिकडची मुलगी इकडे. घराचे फोटो मागितले होते. तिनं दोरीवरच्या कपड्यांसकट काढले आणि पाठवूनही दिले. मी म्हटलं, अगं जरा आवरून तरी. ती म्हणाली, "पप्पा, तिला इथेच राहायचंय ना? मग? आजीच्या खोलीत झोपेल ती. आजी घोरते एवढं सांगितलंय मी."

"मी घोरणंय नाय," आई म्हणाली.

"घोरतेस गं. बिल्डिंगला माहितीय."

आई हसली. मग भाजी निवडता निवडता, कुणाकडे न बघता म्हणाली, "येतली काय पण ती? तिची आवस पाठवतली? तेव्हा त्या बाईक माझ्या हाताचो विश्वास वाटलो नाय."

पंचवीस वर्षं ती हे धरून बसली होती. मला वाटलं होतं विसरली असेल. मुलीनं विचारलं, कोण बाई? आईनं सांगितलं, सगळं, जसं तिला माहीत होतं तसं. कमी तिखटाचं जेवण, मच्छरदाणी, आणि मुलाला आमच्याकडे न पाठवणारी ती आई. त्या बाईची बाजूही घेतली मध्येच : "तिचा काय चुकला? एकुलतो एक झील."

खरं सांगायला माझ्यासमोर दार उघडं होतं. मी उठून चहा ठेवला.

ती बाई हयात आहे की नाही, मला माहीत नाही. शोधलं तर मुलगा सापडेल, शोधलेलं नाही. त्याच्याकडे माफी मागायची आहे, पण ती नंतरची गोष्ट. आधी आईला सांगायचंय की त्या बाईनं मुलगा पाठवला होता, डबा भरून पाठवला होता, आणि मध्ये मी होतो. एवढं मी त्या बाईचं देणं लागतो. आई ब्याऐंशीची आहे. अजून सांगितलेलं नाही.