मीना अब्दुल्लाचा जोंधळा

कुवेतमध्ये ऑक्टोबर संपत आला की सगळ्यात आधी कान मोकळे होतात. पाच-सहा महिने घरात एसीची घरघर सतत चालू असते. मग एका सकाळी आई बटण बंद करते, खिडकी उघडते, आणि बाहेर चिमण्या आहेत हे कळतं. त्या सकाळपासून आमच्या चर्चमध्ये कामं सुरू व्हायची. बाकं बाहेर हिरवळीवर काढायची, सतरंज्या झोडायच्या, उन्हाळाभर फटीफटीत बसलेली वाळू पुसायची. पुरुष बाकं उचलायचे, बायका चुका काढायच्या, आणि कुणीतरी पातेलंभर चहा ठेवायचं.

चर्च होतं दक्षिणेकडच्या एका तेल वसाहतीत. बैठी घरं, मेंदीची कुंपणं, निलगिरीची झाडं, कुणाच्या घरी काय शिजलंय हे चार घरांना ठाऊक. वाळवंटात आणून ठेवलेलं खेडंच ते. चर्च अँग्लिकन, जुन्या इंग्रज साहेबांच्या काळातलं. शुक्रवारी तिथे भाषा पाळीने यायच्या. सकाळी नऊला आम्ही मराठी, अकराला इंग्रज, दुपारी तमिळ. आमची मंडळी नगर, जालना, सोलापूरकडची. आमचे पाळकसाहेब आठवडाभर एका गोदामात कारकुनी करत आणि शुक्रवारी पांढरा झगा घालून उभे राहत. मंडळीचे सेक्रेटरी होते माझे बाबा. बाबा तेल कंपनीत इंजिनिअर होते आणि चर्चही रिफायनरीसारखं चालवायचे.

मी तेव्हा बारावीला होते. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आज पुण्यात कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि वाटते, ती खोड तिथलीच. पहिलं पत्रक मी बाबांच्याच ऑफिसच्या मशीनवर झेरॉक्स केलं आणि बाबांच्याच विरुद्ध वाटलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी हंगामाचा सण असायचा. गावाकडे या सणाला वेदीभोवती जोंधळ्याची ताटं, कणसं, भोपळे, कोंबड्यासुद्धा येतात. इथे काय पिकणार? लोक आदल्या दिवशी जमियातून, म्हणजे वस्तीतल्या सहकारी दुकानातून, सफरचंदं आणि मक्याचे डबे आणायचे. तेच टेबलावर मांडून पिकाबद्दल आभार मानायचे. ते एक वेळ चालेल. मला चीड यायची ती यादीची. आमच्याकडे एकेका कुटुंबाला नावाने हाक असायची. आई, बाप, लेकरं सगळी पुढे यायची, टोपली ठेवायची, आणि पाळकसाहेब घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. सगळी कुटुंबं झाली की शेवटी एकच हाक: "बॅचलर बांधव." मग मागच्या बाकांवरची सगळी माणसं एक सफरचंदाची पेटी घेऊन यायची. पेटी एक, प्रार्थना एक, नाव कुणाचंच नाही.

आता हे बॅचलर कोण, ते ऐका. तिथे पगार ठरावीक आकड्याच्या खाली असला की बायको-मुलं आणायची परवानगी मिळत नाही. मग नातवंडं असलेला माणूसही बॅचलर. त्याला बागेत कौटुंबिक दिवशी प्रवेश नाही, चांगल्या वस्तीत खोली नाही. सरकारने म्हटलं, ठीक आहे, सरकारच ते. पण चर्चने तोच शब्द उचलून यादीत लिहावा? गेल्या महिन्यात लग्न होऊन आलेलं जोडपं कुटुंब, आणि चार लेकरांचा बाप बॅचलर. हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

चार लेकरांचा बाप म्हणजे आमचे वेल्डरमामा. नगर जिल्ह्यातले, मीना अब्दुल्ला या किनाऱ्यावरच्या भागात, कारखान्यांकडे, एका कंत्राटदाराच्या कॅम्पमध्ये राहायचे. दर शुक्रवारी व्हॅनने यायचे आणि बाकं उचलण्यात सगळ्यात पुढे. त्या वर्षी सतरंज्या झोडताना ते माझ्याजवळ आले.

"तुझा बाप यादी करतो ना? त्याला म्हनावं, औंदा आमच्या घराला येगळी हाक द्या."

"तुम्हीच सांगा की, मामा."

"सायबाला कोन सांगनार? तू सांग." मग जरा थांबून म्हणाले, "मी घरी पत्रात लिवून बसलोय. हाक होईल, कॅसेटीत भरून धाडतो म्हनून. आमच्यातला एक गडी सनाच्या दुसऱ्या दिशी, शनवारी, इमानानं गावाला चाललाय. धाकटीनं माझा आवाज फोनावर दोनदा ऐकलाय फकस्त. तिचं नाव मोठ्यानं कुनी घेतलं, तर तिला कळंल, बाप हाय कुठंतरी."

धाकटी चार वर्षांची होती. मामा तिच्या जन्माआधी निघालेले. दर दोन वर्षांनी मिळायची ती सुट्टी त्यांनी दोन्ही वेळा मोठीच्या शाळेसाठी विकली होती.

मी त्याच रात्री जेवताना बाबांना सांगितलं.

"यादी कुटुंबांची आहे," बाबा म्हणाले. "त्यांचं कुटुंब इथे नाही."

"मग तिकडे ते कोण आहेत? शेजारी?"

"तोंड सांभाळ. एकाला हाक दिली की सगळे मागतील. अकराला इंग्रजांची उपासना असते. वेळेचं काय?"

"देवाला अकराची घाई आहे का?"

"देवाला नसेल. मला आहे."

आईने भात वाढला. मी खोलीत गेले आणि पत्रक लिहिलं. मथळा: 'बाप बॅचलर कसा?' खाली पाच मुद्दे, क्रमांक घालून. आणि इथे मी चूक केली. मुद्दा ठसावा म्हणून मामांची सगळी हकिकत घातली. मीना अब्दुल्लाचे एक वेल्डर, न पाहिलेली लेक, विकलेली सुट्टी, पत्रात दिलेला शब्द, सगळं. नाव तेवढं गाळलं. पण मीना अब्दुल्लाहून येणारे वेल्डर आमच्यात एकच होते.

पुढच्या शुक्रवारी लोकांनी गीतांची पुस्तकं उघडली आणि प्रत्येक पुस्तकातून एक पत्रक पडलं. एका काकूंचे डोळे भरून आले. एका काकांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. उपासनेनंतर मामा चहाला थांबले नाहीत, व्हॅनमध्ये जाऊन बसले. मी विजयी चेहऱ्याने खिडकीशी गेले.

"मामा, आता कमिटीला ऐकावंच लागेल."

"पोरी, मला हाक पायजे होती. तू गावभर माझी कीव वाटली." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आता हाक आली तरी लोक म्हनतील, गरिबाची केली सोय. म्या नाय यायचो सनाला."

 पत्रकाला उत्तर म्हणून शिव्या येतील याची माझी तयारी होती. याची नव्हती.

घरी बाबांनी सुरुवात केली, "आपल्याच घरातून कमिटीविरुद्ध..." आणि मला रडताना पाहून थांबले. आईने काय झालं ते काढून घेतलं. मग म्हणाली, "जा, माफी मागून ये."

"कॅम्पवर? एकटी मुलगी?" बाबा म्हणाले.

"एकटी कशाला? हे नेतील की. यांनाही जरा बाहेरची हवा लागू दे."

गुरुवारी दुपारी बाबांनी गाडी काढली.  कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग, बाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेले निळे डगले. मामांच्या खोलीत मामा नव्हते. त्यांचे खोलीवाले, कोकणातले एक प्लंबर, बनियनवर बसून मासे साफ करत होते. "वेल्डर ना? तो मागे शेतात गेलो हा," म्हणाले.

बाबांना वाटलं थट्टा करतायत. आम्ही खोल्यांच्या मागे गेलो. पत्र्याखाली उकाडा अजून होता, तिथे चालू असलेल्या सहा एसींचं पाणी थेंबथेंब गळत होतं, आणि त्या ओलीच्या पट्ट्यात खरंच जोंधळा उभा होता. कमरेएवढा, वाकडातिकडा. प्रत्येक कणसावर कांद्याची लाल जाळीची पिशवी बांधलेली, चिमण्यांनी खाऊ नये म्हणून. मामा उकिडवे बसून एक पिशवी सोडत होते.

मी माफीचं वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "एवढा दाट पेरतात होय जोंधळा?"

मामांनी मान वर केली. "जागाच इतकी हाय सायेब. एसी सहाच."

"मग विरळणी करायची. म्हणून कणसं अशी मूठभर राहिली."

"उपटायला जीव नाय झाला."

"जीव कसला? माझ्या बापानं मला उभं चोपलं असतं असं रान बघून."

"तुमच्या बापाला म्हनावं, हितं एसीवर घेऊन दाखव."

बाबा हसले. बूट काढून ते त्या ओलीत उतरले, इस्त्रीची पँट वर दुमडून. एक कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली, चार दाणे तोंडात टाकले. किती वेळ चावत होते. नगरकडच्या कोरडवाहू गावातला शेतकऱ्याचा मुलगा होता तो माणूस. मला हे माहीत होतं, पण दिसलं कधी नव्हतं. मग अर्धा तास दोघं बियाण्यावर भांडले. बी मामांनी गावाहून आलेल्या गड्याकडून मोज्यात मागवलं होतं. प्लंबरकाकांनी तळलेला बांगडा आणून दिला. माझी माफी मी बांगडा खाता खाता मागितली.

"बरं बरं," मामा म्हणाले. "काटा जपून."

निघताना बाबा बूट चढवत म्हणाले, "उद्या हे चर्चला आणा. आणि वेदीपुढे तुम्हीच आणून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. यादीत घेतो."

"माजी दया नको, सायेब."

"दया कसली? अख्ख्या मंडळीत पीक तुम्ही एकट्याने काढलंय. बाकी सगळे डबे घेऊन येतात, मीसुद्धा."

मला अजून राग येतो. माणूस बघून न पटलेली गोष्ट जोंधळा बघून पटली. माझे पाच मुद्दे बरोबरच होते. पण मामा मानेने हो म्हणाले होते, आणि त्या संध्याकाळी आई यादी पुन्हा लिहीत बसली तेव्हा मी तोंड बंद ठेवलं.

सणाच्या दिवशी सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मागच्या अंगणात मटणाच्या देगी चढलेल्या, वास थेट वेदीपर्यंत. कुटुंबं एकेक करून झाली. मग पाळकसाहेबांनी मामांच्या घराला हाक दिली. मामा दोन्ही हातांत कणसांसकट जोंधळ्याची ताटं धरून एकटेच चालत आले. इस्त्रीचा शर्ट, आणि एका कणसावर लाल जाळी तशीच राहिलेली. बाबा पहिल्या बाकावरून उठून टेपरेकॉर्डर हातात धरून त्यांच्या शेजारी उभे राहिले, बटण दाबून.

"घरात किती जणं?" पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"सहा."

"सांगा."

मामांनी बायकोचं नाव घेतलं, मग थोरलीपासून धाकटीपर्यंत. पाळकसाहेबांनी प्रत्येक नाव मोठ्याने घेतलं, सावकाश, कॅसेटकडे बघून. धाकटीचं दोनदा घेतलं. यादीत दोनदा नव्हतं.

मामा वळले आणि मागच्या बाकांवरून एक फिटर उठला. मग त्याच्या मागे आणखी एक. कुणाच्या हातात काही नव्हतं. सगळ्यांची मिळून आणलेली सफरचंदाची पेटी तिथेच होती. फिटरने तिच्यातलं एक सफरचंद उचललं आणि पुढे आला.

"यादीत नाही," बाबा हळूच म्हणाले.

"यादी काय दहा आज्ञांसारखी सीनाय डोंगरावरून आली?" पाळकसाहेब म्हणाले. "घरात किती जणं?"

मग रांगच लागली. एकेक माणूस, एकेक सफरचंद. कुणाच्या घरात पाच जणं, कुणाच्या आठ, एकाच्या आजीसकट अकरा. अकरा वाजले. दारात इंग्रज पाद्री आपल्या माणसांना घेऊन उभे राहिले. काय चाललंय ते आईने त्यांना सांगितलं, तसे ते सगळे आत येऊन मोकळ्या जागी बसले. रांगेच्या शेवटी मामांचे खोलीवाले प्लंबरकाका होते, जे फक्त मटणासाठी आले होते आणि ज्यांच्या घरी गणपती बसायचा.

"आमचा नाव घेतलात तर चालात काय, साहेबानु? भातकापणी आमची पण चालू आसा."

"घरात किती जणं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

तोवर बाबांनी कॅसेट एकदा उलटवली होती.

शनिवारी कॅसेट विमानाने गेली. मटण कधीच संपलं होतं, जेवणासाठी बाहेर काढलेली बाकं आत गेली होती, आणि बाबांवर वेळेवरून कमिटीत बरंच बोलणं झालं. मामा कागदोपत्री बॅचलरच राहिले. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, काही बदललं नाही.

महिन्याभराने ते उपासनेनंतर चहाचा कप घेऊन आमच्याकडे आले. खिशात बायकोचं पत्र होतं. घरातल्यांनी अंगणात बसून कॅसेट लावली. पाळकसाहेबांनी बायकोचं नाव घेतलं, थोरलीचं घेतलं, सगळे गप्प ऐकत होते. धाकटी तेव्हा लांब शेळीपाशी खेळत होती.

"आन् तिचं नाव आलं," मामा बाबांना म्हणाले, "तशी तिनं तिथून 'ओ' दिली. पळत आली आन् टेपाला इचारती, काय म्हनताय?"

बाबा हसता हसता ठसकले. मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि समोरून येणाऱ्या काकूंना तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.