शामलाबाईंच्या नळीतला जांभळा रंग

पडदा वर जातो. मागं आमच्या नाटक कंपनीचा राजवाड्याचा पडदा, त्यावरचे खांब ओल लागून फुगलेले. पुढं फळ्यांचा रंगमंच, कनातीच्या फटींतून आत घुसलेलं दुपारचं ऊन. जळकोटचा अर्धा बाजार आत येऊन मांडी घालून बसलेला. सिंहासनावर मात्र मी नाही. सिंहासन बाजूला सरकवलंय, आणि त्याच्या जागी एका टेबलावर लाकडी पेटी, काचेच्या नळ्या, भाकरीचा तुकडा, साबुदाण्याची पेज आणि वाटीभर येळवणी, म्हणजे हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं काढलेलं पाणी. टेबलामागं काठाचं सुती पातळ नेसलेली एक सडपातळ बाई. मान ताठ.

ह्या शामलाबाई. तुळजापूरच्या एका मास्तरांची मुलगी, गटाच्या ऑफिसातली ग्रामसेविका. संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष झालं असेल नसेल. मांडीवर ती पेटी सांभाळत त्या एस.टी.नं गावोगाव हिंडायच्या. मी जन्म फळीवर काढला, पण त्या दुपारसारखा प्रवेश पुन्हा पाहिला नाही!

त्याचं असं झालं. आमच्या कंपनीला भाकऱ्या थापून द्यायच्या धुरपदाबाई. त्यांचा दोन वर्षांचा नातू सिदू. गोवर येऊन गेल्यापासून देवीचं पथ्य म्हणून त्याला नुसती साबुदाण्याची पेज चालली होती. गाल फुगलेले, पाय टम्म. धुरपदाबाई कौतुकानं दाखवायच्या, "बघा राजं, माझ्या पेजंनं कसं बाळसं धरलंय!" मी नाटकात राजा व्हायचो, म्हणून त्यांच्यासाठी मी 'राजं'. पण ते पोर हसायचं नाही की रडायचं नाही. मी मिशा उलट्या लावून दाखवल्या, माकडासारखा नाचलो. नुसतं बघत बसलं. असा प्रेक्षक मला कधी भेटला नव्हता.

गावात दौऱ्यावर आलेल्या शामलाबाईंनी त्याच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला.

"आजी, हे बाळसं नाही, सूज आहे. डाळीचं पाणी द्या, दूध द्या. आजपासूनच. नाहीतर पोर हातचं जाईल."

"देवीच्या पोराला डाळ? आन् देवी कोपली तर तू येशील का गं निस्तरायला?"

सून द्वारका पदर तोंडाशी धरून सासूकडं बघत राहिली. बोलायची तिची काय छाती!

बाई तिथून तडक आमच्या कनातीत आल्या. "बाजारच्या दिवशी तुमची फळी तासभर द्या."

आमचे मॅनेजर रेवणप्पा म्हणाले, "तिकीट काय लावू?"

"फुकट."

"मग पडदा कोण ओढणार?"

"मी ओढतो," मी म्हणालो.

आणि ओढला! बाईंनी पेटीतनं टिंचर आयोडीन काढलं. जखमेला लावतात तेच.

"भाकरीला काय खरचटलंय व्हय बाई?" मागून कुणीतरी ओरडलं. कनात हसून लोटपोट.

तांबूस थेंब भाकरीवर पडला आणि बघता बघता निळाकाळा झाला. "ह्यात पिठाचा अंश आहे," बाई म्हणाल्या. "पीठ म्हणजे सरपण. त्यावर अंग चालतं." मग पेजेत थेंब टाकला. पेज काजळासारखी काळीभोर!

धुरपदाबाई उभ्याच राहिल्या. "बघा गं! भाकरीपरीस काळी! साबूतच लई ताकद!" लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या.

"सरपण झालं, आजी. पण घर बांधायला माती लागते ती?" बाईंनी येळवणी नळीत घेतली, कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं, मोरचुदाचे निळे थेंब सोडले आणि नळी हलवली. निळं पाणी जांभळं झालं, अगदी वांग्याच्या फुलासारखं. "ज्यानं मांस भरतं, ते ह्यात आहे." तेच पेजेत केलं. निळं ते निळंच राहिलं.

विंगेत मी उडी मारली! शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर!" रेवणप्पा कुजबुजले, "बाई दौऱ्यावर येतील का?"

पण बाईंचा चेहरा उतरला होता. धुरपदाबाई पोट धरून हसत होत्या. "झ्याक जादू हाय! परवा ह्याच फळीवर राजाचं मुंडकं उडालं, आन् सकाळी राजं माझ्या भाकऱ्या खायला हजर! फळीवरचं कुठं खरं असतंय?"

मुंडकं माझं होतं. तो प्रवेश म्हणजे माझा जीव की प्राण. त्या दिवशी मात्र मी त्याला शिव्या घातल्या.

बाईंनी पेटी मिटली आणि फळीवरून खाली उतरल्या. "फळी नको. तुमची चूल दाखवा. डाळ तुमची, भांडी तुमची, थेंबही तुम्हीच घाला."

निघाली वरात! पुढं बाई, मागं धुरपदाबाई, त्यांच्यामागं अर्धा बाजार. सोड्याचं पाणी बाईंनी स्वतःच घातलं, कारण ते कातडी भाजतं. मोरचूद मात्र धुरपदाबाईंच्या हातानं. पेज निळी. पुन्हा केली, पुन्हा निळी. मग आमटीसाठी काढून ठेवलेली त्यांच्याच घरची येळवणी. जांभळी!

"अगं बया!" धुरपदाबाई किंचाळल्या. "आण गं ते शेळीचं दूध!" जांभळं! गल्लीतल्या बाया वाट्या घेऊन धावल्या. "माझ्या मटकीचं बघा!" "माझ्या हुलग्याचं आधी!" होळीलासुद्धा एवढा रंग उडाला नसेल. शेवटी कुणी न सांगता धुरपदाबाईंनी सिदूची स्वतःची वाटी ओढली आणि तिच्यातली पेज नळीत ओतली. निळी.

धुरपदाबाईंनी नळी खाली ठेवली.

"द्वारके," त्या म्हणाल्या, "येळवणी गाळून आण. चमच्यानं पाज. देवीचं म्या बघते."

द्वारका उठलीच नाही, पळाली! बाई मागून ओरडत होत्या, "आधी हात धुवा गं! मोरचूद विषारी असतं!"

पंधरवड्यानं आमचा मुक्काम हलला. निघायच्या सकाळी धुरपदाबाईंनी मला गाठलं. "राजं, त्या बाईला सांगा! पोर पार वाळलं. पायाच्या काड्या झाल्या. माझं बाळसं खाल्लं तिनं!"

मी तसाच फाट्याकडं धावलो. फाट्यावर शामलाबाई पेटी घेऊन नळदुर्गच्या गाडीसाठी उभ्या होत्या. पुढं त्यांची बदली परंड्याकडं झाली, आमची कंपनी मोडली, आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. तीच शेवटची. मी धापा टाकत निरोप सांगितला.

"रडतो का?" त्यांनी विचारलं.

"रडतो? गल्ली डोक्यावर घेतो!"

"आणि खायला मागतो?"

"मागतो कसला! काल माझ्या ताटातली भाकरी ओढून पळाला!"

गाडी आली. बाई पायरीवर चढल्या, वळल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच खळखळून हसताना पाहिलं.

"मग सांगा आजींना, सूज उतरली! आता धरेल ते खरं बाळसं."