युट आणि आईंचा मंगळवार

मोठी खरेदी करायची असली की आमच्या घरी आधी कागद येतो. तो मी आणते. डाव्या बाजूला ‘गरज’, उजव्या बाजूला ‘हौस’. हौसेला माझा विरोध नसतो. हौसेच्या रकान्यातलं कापसाचं अंथरूण आणि चांगला मिक्सर दोन्ही आमच्या घरात आहेत. फक्त हौसेला हौस म्हणावं, एवढंच माझं म्हणणं असतं.

नवऱ्याने युट घ्यायचं काढलं तेव्हाही कागद आला. युट म्हणजे पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ती थोराड गाडी. इथे आमच्या हॅमिल्टनमध्ये सिग्नलला थांबलं की पुढे एक, मागे एक आणि शेजारी एक युट असतेच. दुधाच्या धंद्यातल्या एका कंपनीत नवरा काम करतो, प्रयोगशाळेत. तिथल्या पार्किंगमध्ये म्हणे त्याची सेडानच काय ती जमिनीला टेकलेली दिसते.

त्याने सगळं गरजेच्या बाजूला लिहिलं. बागेतला कचरा टाकायला. हिवाळ्यात जळण आणायला. कॅम्पिंगला. मंडळाच्या गणपतीला.

“आपण कॅम्पिंगला शेवटचे कधी गेलो?” मी विचारलं.

“गाडी नाही म्हणून तर जात नाही.”

“आणि कचऱ्याला पेट्रोल पंपावरून ट्रेलर मिळतो की भाड्याने. आजवर तोच आणलाय.”

“तुला प्रत्येक गोष्टीत ट्रेलरच दिसतो.”

मला खरोखरच ट्रेलर दिसत होता. पण नवरा पन्नाशीचा होत आला होता, पुण्यात स्कूटरवर अर्धं आयुष्य काढलेला माणूस, आणि इतकी वर्षं त्याने स्वतःसाठी काही मोठं मागितलं नव्हतं. मी कागदावरचं सगळं त्याच्या देखत उजव्या बाजूला नेलं आणि हो म्हटलं. सेडान बदल्यात दिली, काळी युट दारात आली.

घरात आम्ही चौघं. आम्ही दोघं, विद्यापीठात शिकणारी मुलगी आणि सासूबाई. सासरे गेल्यावर सासूबाई, म्हणजे आई, कायमच्या इकडे आल्या. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, त्यामुळे त्यांच्या गोळ्या माझ्याकडे. पण चालतं ठेवायचं असेल तर पाण्यातला व्यायाम हवाच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून दर मंगळवारी सकाळी त्या कोमट पाण्याच्या तलावावर जायच्या. माझी पाळी सकाळी सातला सुरू होते आणि माझी छोटी हॅचबॅक माझ्याबरोबर जाते. नवरा मंगळवारी घरून काम करतो, तेव्हा त्यांना न्यायचं-आणायचं काम त्याचं.

गुडघ्यांपेक्षा तो मंगळवार त्यांचा होता हे जास्त महत्त्वाचं. या देशात बाकी सगळं त्यांना आमच्या हाताने मिळतं. तलाव मात्र त्यांनी स्वतः मिळवलेला. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालून त्या पाण्यात उतरायच्या आणि फोनवर पुण्याच्या बहिणीला सांगायच्या, “अगं, मी टॉग्ज घालते.” तिथल्या बायकांना नमस्काराऐवजी तिथल्यासारखं ‘किया ओरा’ म्हणायच्या. इंग्रजी बेताचं, पण कोणाची सून कशी आहे हे त्यांना सगळ्यांचं माहीत होतं.

युट आली त्या रविवारी गाडीची पूजा केली. ओळखीची दोन-तीन कुटुंबं आली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर नारळ. आमच्याकडे नव्या गाडीची पहिली फेरी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची, पुढच्या सीटवर बसून, देवळापर्यंत. त्याप्रमाणे नवऱ्याने दार उघडलं आणि म्हणाला, “आई, चल, बस.”

आईंनी हात जोडले, पदर खोचला आणि पाय उचलला. पाय पायरीपर्यंत गेलाच नाही. पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर होती आणि सीट तिच्याही वर.

मुलगी धावत घरात गेली आणि देवघरापुढचा पाट घेऊन आली.

“याच्यावर पाय देऊ?” आई म्हणाल्या. “गौरी बसतात याच्यावर.”

“आजी, इट्स जस्ट वुड,” मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

“तुझ्यासाठी असेल हो वुड.”

मग बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल आलं. नवऱ्याच्या मित्राने आत चढून वरून हात धरला, नवऱ्याने मागून उचललं, आणि कोणीतरी म्हणालं, “काकू, जोर लावा, हैऽसा!” सगळे हसले. आईही हसल्या. वरच्या दांडीला धरून त्या अर्धवट लोंबकळल्या, निऱ्या पायरीच्या कडेला अडकल्या, मी त्या सोडवल्या, आणि एकदाच्या त्या सीटवर बसल्या. टाळ्या झाल्या. हे सगळं एका वहिनींनी फोनवर घेतलं होतं. मानाची पहिली फेरी, म्हणून ग्रुपवरही टाकलं.

पुढच्या मंगळवारी आईंना बरं वाटत नव्हतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाऊस होता. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “मला बाई कंटाळाच आलाय त्या पाण्याचा. क्लोरीनने केस गळतात.”

नवऱ्याने दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या बसवून घेतल्या. घडीचं स्टूल आणलं. मी म्हटलं, मंगळवारी मी युट नेते, आईंना हॅचबॅकमधून ने. यावर आईच म्हणाल्या, “माझ्यासाठी गाड्यांची अदलाबदल कशाला? सांगितलं ना, कंटाळा आलाय.”

दरम्यान युटला काम मिळालं, हे मान्य करायला हवं. मंडळात बातमी पसरली आणि फोन सुरू झाले. “वहिनी, युट मोकळी आहे का?” कोणाचा फ्रिज, कोणाचा सोफा, कोणाचं ट्रँपोलीन. एका डॉक्टरांना तर फक्त एक कुंडी हलवायची होती.

“एवढ्यासाठी?” मी विचारलं.

“तुमच्याकडे आहे म्हणून विचारलं हो. नाहीतर ट्रेलर आणला असता.”

नाही म्हणायची आपल्या लोकांत पद्धत नाही, त्यामुळे नवऱ्याचे शनिवार दुसऱ्यांच्या सामानात जाऊ लागले. तो खूश होता. आमचा स्वतःचा कचरा तेवढा कुंपणापाशी पडून होता. नव्या हौद्याला ओरखडे नकोत म्हणून.

आईंचं चालणं मात्र कमी होत गेलं. आधी पत्रपेटीपर्यंत जायच्या, आता दारापर्यंत. सकाळी उठायला टेबलाचा आधार लागू लागला. मी फार्मसीची माणूस. गोळ्यांचा डोस मला वाढवता येत होता, मंगळवार वाढवता येत नव्हता.

मग एका मंगळवारी मी रजेवर घरी होते. सकाळी बेल वाजली. दारात तलावावर येणाऱ्या एक आजीबाई उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, एका डेअरी फार्मवर आयुष्य काढलेल्या, आता आमच्या पुढच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या. आमची युट ड्राइव्हवे अडवून उभी असल्यामुळे त्यांनी आपली जुनी, ठेंगणी गाडी रस्त्यावर लावली होती.

“तुमची आई कुठे आहे?” त्यांनी विचारलं. “आम्हाला वाटलं, ती गेलीबिली.”

मी म्हटलं, नाही, आहेत, जरा कंटाळल्या आहेत.

“मूर्खपणा! तिच्याशिवाय तिथे कोण हसवणार? गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामीच असते.” मग त्यांनी युटकडे मान वळवली. “आमच्या फार्मवर होती असली. तीत कुत्रा बसायचा.”

आत गेले तर आई बॅग भरत होत्या. टॉवेल, टॉग्ज, शॉवरची चप्पल. बॅग कपाटातून काढायलाही वेळ लागला नव्हता; ती पलंगाखाली हाताशीच होती. केस गळण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. काठी टेकत रस्त्यापर्यंत गेल्या, पाठ वळवून सीटवर बसल्या, पाय आत घेतले. कोणी हात लावला नाही.

नवरा लॅपटॉप हातात घेऊन खिडकीत उभा होता. गाडी वळेपर्यंत तो तिथून हलला नाही.

दुपारी आई परत आल्या, ओले केस, चेहरा तजेलदार. वरण-भात जेवत असताना त्याने विचारलं, “आई, माझ्या गाडीत का येत नाहीस?”

“येते की. चढवायला दोन माणसं लागतात. दर मंगळवारी बोलवायची का?”

“मग सांगायचंस ना.”

“काय सांगू? एवढ्या हौसेने घेतलीस, नारळ मी वाढवला, आणि मीच नावं ठेवू?” त्यांनी भात कालवला. “आणि तो व्हिडिओ पुण्याला पोचला. बहीण म्हणाली, अगं, तुला पोत्यासारखं चढवलं. हसली बिचारी, वाईट नाही तिच्या मनात.”

त्याने ताट उचलून धुऊन ठेवलं. त्या दिवसापासून मंगळवारी युट मी नेते आणि हॅचबॅक घरी राहते. आईंनीही पुन्हा कंटाळ्याचं नाव काढलं नाही. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ती युट दोन्ही रेघांना चिकटते आणि नाक पुढे रस्त्यावर येतं, म्हणून मला अगदी शेवटच्या टोकाला लावून चालत यावं लागतं.

महिन्याभरात त्याने स्वतःच ती विकायला काढली. पहिला फोन एका मराठी मुलाचा आला. इथेच शिकलेला, आता ऑकलंडमध्ये, ईस्ट टामाकीला एका गोदामात नोकरीला. शनिवारी तो ऑकलंडहून बघायला आला. गाडीभोवती दोनदा फिरला, हौद्यावर हात फिरवला.

“काका, एकदम भारी ठेवलीये. कॅम्पिंगला मस्त. सामानबिमान काही आणायचं तर बघायलाच नको.”

“आई-वडील इकडे येतात का?” नवऱ्याने विचारलं.

“येणारेत ना, उन्हाळ्यात. पहिल्यांदाच. त्यांच्यासाठीच तर मोठी गाडी बघतोय. आईला साउथ आयलंड दाखवायचंय.”

“आईची उंची किती?”

मुलगा हसला. “काका, आईची उंची?”

“गुडघे कसे आहेत?”

“जरा दुखतात. जिने चढायला त्रास होतो.” त्याने गाडीकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं.

नवऱ्याने दार उघडलं, घडीचं स्टूल काढून ठेवलं आणि म्हणाला, “तू डावा पाय अजिबात न वाकवता चढून दाखव.”

मुलाने दोनदा प्रयत्न केला. मग स्टूलची घडी करून परत दिलं, थँक्यू म्हणाला, चहाही घेतला नाही आणि निघून गेला.

मला राग आला. “गिऱ्हाईक घालवलंस. आपणहून.”

“मग काय खोटं बोलून विकू?”

“खोटं कुठे बोलायचं होतं? नुसतं गप्प बसायचं.”

“आई गप्पच बसली होती,” तो म्हणाला.

संध्याकाळी मी जाहिरात नव्याने लिहिली. नवऱ्याने टाकलेली इंजिनची ताकद तशीच ठेवली. खाली सीटची जमिनीपासूनची उंची टाकली. ती मोजायला आई टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. गाडी अजून गेलेली नाही. कुंपणापाशी पडलेला कचरा मात्र परवा तिच्याच हौद्यातून टाकून आलो. आता ओरखड्यांचं कोणाला काही वाटत नाही.