निळीची रेष

नागपूरहून निघताना ह्यांनी चिडवलं, "परराज्यात चाललीस, जपून." मला रागच आला. सख्खी बहीण राहते ते कसलं परराज्य? पण दरेकसाचा बोगदा आला, डब्यात काळोख झाला आणि मी खिडकीला नाक लावून बसले. महाराष्ट्र संपून तेव्हाचा मध्य प्रदेश लागायचा तो इथेच कुठेतरी. उजेड आला तेव्हा बाहेर तेच सागवान आणि तीच तांबूस माती होती. हद्द काही सापडली नाही.

दुर्गला भाऊजी स्कूटर घेऊन आले होते. मोहन नगर मागे पडलं, दिवस मावळला आणि भिलाईकडचं आभाळ एका अंगाने लाल झालं. पोलादाच्या प्लांटमध्ये लोखंडाची तापलेली मळी ओतत होते. भाऊजी तिथल्या रेल मिलमध्ये. तू आलीस ते रूळ आमचेच, हे ते दरवेळी सांगतात आणि मी दरवेळी नवल करते.

ताईने फरा (तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या) केला होता. आई गेल्यापासून ताई नागपूरला आलेली नव्हती. माहेर संपलं, एवढंच म्हणायची. या खेपेला तिच्याकडून हो म्हणवून घ्यायचंच, असा माझा बेत होता. पहिल्याच जेवणाला विषय काढला, तर तिने माझ्या ताटात आणखी दोन फरे वाढले. तोंड बंद करायची तिची ही जुनी रीत.

दुसऱ्या दिवशी भीमजयंती. सरबतासाठी बर्फाच्या लाद्या आल्या होत्या, त्यातली एक उरली. तेवढ्यात व्हिक्टरसाहेब "जय भीम" म्हणत अंगणात आले. भाऊजींच्या खात्यातले हे परदेशी इंजिनियर. प्लांट रशियनांच्या मदतीने उभा राहिलेला, म्हणून भिलाईत गोरा दिसला की रशियन, त्यामुळे कॉलनी त्यांनाही रशियनच म्हणे. ते होते कझाकस्तानातल्या एका पोलादाच्याच शहरातले. रशिया, कझाकस्तान सगळं मिळून असलेला त्यांचा मोठा देश नुकताच फुटला होता. नवा पासपोर्ट कुठला घ्यायचा, हे त्यांना याच महिन्यात ठरवायचं होतं. आई कझाकस्तानात, धाकटा भाऊ सरहद्दीपलीकडे रशियात, तिथल्या आईस हॉकी संघाचा गोलरक्षक.

लादी बघून साहेब थबकले. मग ताईकडून कपड्यांची नीळ मागून घेतली आणि बर्फावर बोटाने रेघा ओढल्या. बर्फावरच्या मैदानात अशा निळ्या रेघा असतात म्हणे. कॅरमचा स्ट्रायकर झाला चेंडू, लाकडी उलथणी झाल्या काठ्या. साहेबांचा आपल्या गावाचा संघ, भाऊजींकडे साहेबांच्या भावाचा. एप्रिलच्या उन्हात हा हिवाळा मांडलेला. लादीतून वाफ उठत होती, स्ट्रायकर आवाज न करता सरकत होता, आणि समोर दिसतंय ते खरं की मला डुलकी लागलीय, हेच कळेना.

खेळ रंगला आणि बर्फ वितळू लागला. नीळ पसरली, रेघा एकमेकींत मिसळल्या, सगळी लादी फिकट निळी झाली. साहेबांचा हात थांबला. डोळे भरले होते. "रशियन हूं कि कझाक? क्या लिखूं?"

भाऊजी उलथणं खाली ठेवून म्हणाले, "देश कोनता ते सरकार पाहून घेईन, साहेब. तुमी आमाले गाव सांगा. गाव कोनतं?"

एवढं मराठी साहेबांना येत होतं. भिलाईत पाहुणा पाणी प्यायच्या आत हा प्रश्न येतो, कारण इथे सगळेच दुसरीकडून आलेले. साहेबांनी ओली निळी बोटं रुमालाला पुसली.

"गांव, जहां मां है," ते म्हणाले. भावाचं काय, हे ताईने हळूच विचारलं. तेव्हा ते डोळे पुसत हसले. देश वेगळे झाले, पण हॉकीची लीग एकच राहिली होती. सगळ्या शेजाऱ्यांची मिळून. "एक मैच उसके घर, एक मैच मेरे घर. भाई को आना ही पड़ेगा."

लादीतलं निळं पाणी ताईने बादलीत भरलं आणि त्यात भाऊजींचे पांढरे शर्ट बुचकळले.

परतीच्या दिवशी दुर्गला गाडी हलेपर्यंत मी विषय काढला नाही. हरले होते म्हणा ना. ताई खिडकीशी चालत होती.

"या साली तू येऊन गेली," ती म्हणाली. "आता मॅच तुह्या घरी. दसऱ्याले यीन मी."

मी खिडकीतून तिचा हात दाबला. बोगदा आला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलंही नाही. दसऱ्याला ताईसाठी कोणती गादी टाकायची, तेच ठरवत होते.